हिरवो खंय गेलो?

माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या बाहेरच्या खोलीत गेल्या मार्चपासून मी काढलेला एक फोटो टांगलेला आहे. बारा बाय अठरा इंच, काळी फ्रेम. मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ, यादीतलं नाव एम ४२. मधोमध पांढरट गुलाबी उजेड, दोन्ही बाजूंना पसरलेले तांबूस पंख आणि पंखांच्या कुशीत निळाई. हा फोटो मी माझगावातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून काढला. जानेवारी-फेब्रुवारीतल्या नऊ रात्री, तीन तीन मिनिटांच्या २२० फ्रेम्स, एकूण अकरा तास. हौशी खगोलछायाचित्रकारांच्या आमच्या ग्रुपवर त्याला ‘अप्रतिम’, ‘शब्द नाहीत’ आणि जोडलेल्या हातांच्या बऱ्याच आकृत्या मिळाल्या. त्या फोटोबद्दल मला आज वाईट लिहायचं आहे.

अशा फोटोंपुढे उभी राहिलेली माणसं साधारण दोनच गोष्टी म्हणतात. एक तर ‘काय सुंदर!’, नाहीतर ‘हे रंग खरे असतात का?’ पहिल्यात भक्ती असते, दुसऱ्यात संशय, आणि दोन्हींनंतर बोलणं संपतं. चित्रकाराच्या निळ्याबद्दल, सिनेमातल्या प्रकाशाबद्दल आपण तासन्‌तास भांडतो. तेजोमेघाचा फोटो मात्र जणू कोणी काढलेलाच नसतो, तो आकाशातून थेट भिंतीवर उतरतो. प्रत्यक्षात त्यात तीसएक निर्णय असतात आणि त्यातला प्रत्येक चुकू शकतो. माझा एक चुकला. तो कुठे चुकला, हे मला ग्रुपने नाही, काकांनी सांगितलं.

आधी गच्चीबद्दल. पूर्वेला गोदीच्या क्रेन आणि त्यांचे फ्लडलाइट, एका बाजूला भंडारवाड्याची टेकडी, पश्चिमेला भायखळ्याकडचे टॉवर. आकाश किती काळं हे सांगणारी बॉर्टल नावाची १ ते ९ अशी मोजपट्टी आहे. आमचं घर तिच्या तळाला. जानेवारीतल्या चांगल्या रात्रीही व्याध, रोहिणी, मृगाचे मोठे तारे, असला तर गुरू, एवढ्यावर हजेरी संपते. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांचा उजेड वर्णपटाच्या थोड्याशाच भागात यायचा, त्यामुळे फिल्टरने तो बराचसा अडवता यायचा. एलईडीचा पांढरा उजेड सगळीकडे सांडतो. २०१५ साली मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे बसवले तेव्हा शहरात केवढा गहजब झाला, ‘राणीच्या हारा’चा रंग गेला म्हणून! पुढे तिथे पिवळसर दिवे परत आले. हार वाचला. आकाशासाठी कोणी भांडलं नाही. मीही नाही, मी फिल्टर विकत घेतला.

तो फिल्टर म्हणजे भिंतीला पाडलेल्या दोन बारीक फटी. एकीतून हायड्रोजनचा तांबडा उजेड येतो, ६५६.३ नॅनोमीटरचा. दुसरीतून ऑक्सिजनचा, ५००.७ नॅनोमीटरचा. बाकी शहर बाहेर. तरीही थोडं शहर आत येतंच, कारण त्याच रंगाचा उजेड एलईडीतही असतो. मग फ्रेमवर फ्रेम रचायची. तेजोमेघाचा उजेड फ्रेम्सच्या संख्येच्या पटीत वाढतो आणि खरखर तिच्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणजे चौपट वेळ दिला की चित्र दुप्पट स्वच्छ. हा व्यवहार फार महाग आहे, पण शहरात दुसरा नाही. शेवटी सॉफ्टवेअर आकाशाच्या उजळीचा एक उतार मोजतं (माझ्या फ्रेम्समध्ये तो नेहमी गोदीकडून चढत येतो) आणि तो वजा करतं. काकांनी फोटो पाहून पहिला प्रश्न विचारला होता तो याच जागी बोट ठेवणारा: ‘ह्या हयसूनच काढलंस, तर आमका कित्याक दिसणा नाय?’ मी म्हटलं, कॅमेरा जास्त वेळ बघतो. हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की तुम्हाला जे दिसतं ते मी पुसून टाकलं आहे. फोटोखाली मी ‘माझगाव, मुंबई’ असं अभिमानाने लिहिलं होतं आणि फोटोत माझगावचा एक कणही राहणार नाही याची काळजी घेतली होती. विदर्भातल्या पेंचला २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथून काढलेल्या फोटोत तेजोमेघाभोवतीची फिकट धूळ उतरते, माझ्यात ती नाही. जाणकार त्यावरून ओळखतील. बाकीच्यांना दोन्ही फोटो एकाच गावचे वाटतील.

या वजाबाकीबद्दल मला अपराधी वाटत नाही. १८८० मध्ये हेन्री ड्रेपरने न्यूयॉर्क राज्यातून याच तेजोमेघाचा पहिला फोटो ५१ मिनिटांच्या एक्स्पोजरने काढला. १८८३ मध्ये लंडनजवळ ईलिंगला अँड्र्यू कॉमनने काढलेल्या फोटोत डोळ्याला दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उतरले. तेव्हापासून ‘डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवा’ ही अट या कलेने सोडून दिली आहे. कॅमेऱ्याने जास्त दाखवावं, त्यासाठीच तो आहे. पण डोळ्याला दिसतं ते कॅमेऱ्याने खोडून काढलं तर? माझ्या फोटोत तेच झालं होतं.

त्यासाठी त्या ५००.७ च्या फटीकडे नीट बघायला हवं. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एका छोट्या तेजोमेघाचा उजेड लोलकातून पाहिला. ताऱ्याचा असतो तसा सलग वर्णपट दिसेल अशी अपेक्षा होती, दिसली ती जवळजवळ एकच ठळक हिरवी रेषा. याचा अर्थ हा मेघ म्हणजे गर्दी केलेले तारे नव्हेत, हा वायू आहे. पण कोणता, ते कळेना. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी रेषा जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. नॉर्मन लॉकियरचं म्हणणं वेगळं होतं. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणारे उल्कांचे थवे आणि ही रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा, असा त्याचा सिद्धान्त. तसं असेल तर रेषा एका बाजूला विरत गेलेली दिसायला हवी.

हा वाद मिटवण्यात एक वाटा आपल्याकडच्या माणसाचा आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८८२ पासून तिथेच शिकवू लागले. कॉलेज तेव्हा भायखळ्याला, राणीच्या बागेसमोर होतं. माझ्या घरून चालत फार लांब नाही. भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींनी वर्णपटाच्या अभ्यासासाठी देणगी दिली आणि तिच्यातून पुढे १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, त्यांच्या नावाची वेधशाळा उभी राहिली. तिथे नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची ही हिरवी रेषा तपासली आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ‘मंथली नोटिसेस’मध्ये निष्कर्ष छापला. रेषा धारदार आहे. लॉकियरसारख्या बड्या माणसाच्या सिद्धान्ताला हे सोयीचं नव्हतं. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणं कोडईकनालला गेली. रेषेचं कोडं १९२७ मध्ये आयरा बोवेनने सोडवलं. नवं मूलद्रव्य वगैरे काही नाही, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. इतक्या विरळ अवस्थेत तो प्रयोगशाळेत ठेवता येत नाही, म्हणून कोणी त्याला ओळखलं नव्हतं.

म्हणजे माझ्या फिल्टरची दुसरी फट आणि नायगमवालांची रेषा एकच. फोटो काढताना मला हे माहीत नव्हतं. ते फिल्टरच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आता रंगाकडे. ५००.७ चा उजेड हिरवा, थोडा निळ्याकडे झुकलेला. अंधाराला सरावलेला आपला डोळा सर्वांत संवेदनशील असतो तो ५०७ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिथेच. हायड्रोजनचा तांबडा मात्र अशा डोळ्याला जवळपास दिसतच नाही. त्यामुळे मोठ्याशा दुर्बिणीतून एम ४२ चा गाभा पाहणाऱ्या बऱ्याच जणांना तो हिरवट भासतो. लालगुलाबी कोणाला दिसत असेल तर त्याने आधी फोटो पाहिलेला असतो.

उलट आमच्या जमातीत हिरवा निषिद्ध आहे. नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात धडा मिळतो: आकाशात हिरवं काही नसतं, हिरवं दिसलं की काढून टाक. पिक्सइनसाइट या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एससीएनआर नावाचं अवजार आहे, त्याचा रोजचा वापर म्हणजे हिरवा कापणं. नियमाला आधार आहे. रंगीत कॅमेऱ्याच्या दर चार पिक्सेलांत दोन हिरवे असतात, त्यामुळे हिरव्याचं पारडं आपोआप जड होतं. हिरवे दिसणारे तारेही नसतात. म्हणून हा नियम ताऱ्यांना आणि पार्श्वभूमीला चालतो. धूमकेतू तो मोडतात, त्यांचं डोकं पुष्कळदा हिरवं असतं. आणि तेजोमेघांचा तर तो पायाच मोडतो, कारण मेघांबद्दल माणसाला कळलेली पहिली पक्की गोष्टच हिरवी होती.

माझ्या फोटोत काय झालं ते सांगतो. ऑक्सिजनचा उजेड माझ्या कॅमेऱ्याच्या हिरव्या आणि निळ्या अशा दोन्ही पिक्सेलांत पडतो. दोन्ही मिळून मोरपंखी रंग येतो, आणि तो ५००.७ च्या खऱ्या रंगाच्या बराच जवळचा असतो. मी काही न करता तो बरोबर आला होता. मग मी एससीएनआर मारलं. हिरवा निम्म्यावर आला आणि मोरपंखी निळा झाला. का मारलं? कारण मारतात.

या ‘मारतात’चं मूळ कुठे, हे शोधताना सगळे १९९५ च्या एका चित्रापाशी येतात. हबल दुर्बिणीतून जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी घेतलेले गरुड तेजोमेघातले ‘निर्मितीचे स्तंभ’. त्यात गंधकाचा उजेड तांबड्यात, हायड्रोजनचा हिरव्यात, ऑक्सिजनचा निळ्यात मांडला आहे. या मांडणीला खोटी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. गंधक आणि हायड्रोजन दोघेही मुळात तांबडे, डोळ्याला ते वेगळे काढता येणार नाहीत. मग सर्वांत लांब तरंगाला तांबडा, मधल्याला हिरवा, आखूडला निळा असा क्रम राखून ते सुटे केले. नकाशात समुद्रसपाटी हिरवी आणि डोंगर तपकिरी दाखवतात, तितकंच हे प्रामाणिक. एलिझाबेथ केसलर या कला-इतिहासकार बाईंनी २०१२ च्या पुस्तकात दाखवलं, की हबलची अशी चित्रं एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी पश्चिमेच्या निसर्गचित्रांशी नातं सांगतात. कडे, दऱ्या, वरून येणारा उजेड. हे निरीक्षण मला पटतं. फक्त ते वाचून माणूस मूळ चित्राला दोष देऊ लागतो, आणि मला दोष नकलेत दिसतो. १९९५ च्या स्तंभांमागे हिरवा आहे, नीट बघा. तो आम्ही हौशी लोकांनी काढला. या मांडणीत हायड्रोजन सर्वांत जास्त, म्हणून चित्र हिरवं निघतं. ते आवडत नाही, म्हणून हिरवा कापून सोनेरी आणि निळा एवढंच ठेवतात. विश्वात जे सर्वांत मुबलक, तेच चित्रात दाबलेलं! आणि मग गरुड असो, हृदय असो, हत्तीची सोंड असो, सगळ्या मेघांवर एकच सोनेरी-निळी झूल.

मुंबईकराला याची ओळख पटायला हवी. १८९४ मध्ये या शहरात रवि वर्म्याचा छापखाना सुरू झाला. तिथे रंगीत चित्र शिळांवरून छापलं जायचं, रंगागणिक वेगळी शिळा आणि कागद पुन्हा पुन्हा दाबाखाली. आमचे फिल्टर म्हणजे त्याच शिळा. त्या छापांनी देवांना घरोघर नेलं, हे त्यांचं मोठेपण. पण पुढे कॅलेंडरं निघाली आणि सगळ्या देवींना एकच गाल, एकच गुलाबी आला. चित्र ज्याचं त्याच्याकडे न बघता आधीच्या चित्राकडे बघून काढलं की असं होतं. ताऱ्यांभोवतीचे तपशील ‘धारदार’ करणारी, मोठ्या दुर्बिणींच्या प्रतिमांवर शिकवलेली नवी एआय अवजारं हेच काम जास्त चोख करतील. मी ती वापरून पाहिली आहेत. ती वापरताना होणारा आनंद मला फारसा विश्वासाचा वाटत नाही.

मार्चअखेरीस मित्राची आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण दोन दिवस माझ्याकडे होती. संध्याकाळी काकांना गच्चीवर बोलावलं. मृग पश्चिमेला कलला होता, पण अजून टॉवरच्या बराच वर होता. काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय, त्यांनी तोच लावला. काय दिसेल हे मी मुद्दाम सांगितलं नाही. बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले, ‘धुरासारख्यां आसा.’ मी म्हटलं, तेच. पुन्हा गप्प. मग, ‘हिरवट दिसता रे.’

मला आनंद झाला, कारण मला स्वतःला ते इथून कधीच इतकं स्पष्ट दिसलेलं नाही. ऑपरेशन केलेल्या डोळ्यातली पिवळी झालेली काच गेलेली असते, निळ्याकडचा उजेड जास्त आत येतो, असं काहीबाही मी समजावून सांगितलं. खाली त्यांच्याकडे चहाला गेलो. काका फ्रेमसमोर उभे राहिले, चष्मा वर केला.

‘आणि ह्येच्यात हिरवो खंय गेलो?’

मी म्हटलं, ‘कॅमेऱ्याला वेगळे रंग दिसतात, काका.’

हे साफ खोटं होतं. कॅमेऱ्याला तोच दिसला होता. काकांनी मान हलवली. मी त्यातला माहीतगार, त्यामुळे माझं ऐकून घेणं त्यांना भाग होतं. पन्नासेक वर्षांपूर्वी गोदीत लागलेला हा माणूस गेजवर दिसेल तेवढंच लिहिणारा, आणि मी त्याला त्याच्याच डोळ्यावर अविश्वास दाखवायला लावला. संशयाने ‘हे रंग खरे का?’ विचारणाऱ्यांवर मी एरवी चिडतो. पण तो प्रश्न त्यांच्यात आमच्यासारख्यांनीच अशी उत्तरं देऊन रुजवला आहे.

रात्री फाइल उघडली. प्रक्रियेचा इतिहास सॉफ्टवेअर जपून ठेवतं. चौदावी पायरी: एससीएनआर, हिरवा, मात्रा पूर्ण. ती काढली. गाभ्याभोवती मोरपंखी हिरवा परत आला आणि तेव्हा मला रंगापेक्षा मोठी चूक दिसली. हिरवा सगळीकडे सारखा नव्हता. मधल्या चार ताऱ्यांच्या झुबक्याजवळ तो दाट होता, कारण त्यांतल्या सर्वांत तापलेल्या ताऱ्याचे अतिनील किरण तिथे ऑक्सिजनचे दोन दोन इलेक्ट्रॉन उडवतात. बाहेर तेवढी ताकद उरत नाही, तिथे हायड्रोजनचा तांबडाच ठळक. हिरव्याकडून तांबड्याकडे जाणं म्हणजे त्या एका ताऱ्याची सत्ता कुठवर चालते याचा आलेख. मी तो निळा केला होता. आणि आकाशाच्या फोटोंत निळ्याला आधीच एक अर्थ आहे: स्वतः न चमकणारी, शेजारच्या ताऱ्यांचा उजेड परतवणारी धूळ. एम ४२ च्या थोडं उत्तरेला असाच एक निळा परावर्तन मेघ आहे, ‘धावणारा माणूस’ म्हणतात त्याला. माझ्या फोटोत पेटलेला वायू आणि उसना उजेड घेतलेली धूळ यांची भाषाच एक झाली होती. चित्र सुंदर होतं आणि चुकीचं वाचलं जात होतं. ग्रुपवरच्या एवढ्या जोडलेल्या हातांपैकी एकानेही हे म्हटलं नाही. तो फोटो दुसऱ्या कोणाचा असता तर मीही म्हटलं नसतं.

नवी आवृत्ती दिसायला कमी देखणी आहे. हिरवा आणि तांबडा शेजारी आले की मध्ये एक मळकट पिवळा पट्टा येतो, तो मला अजून सोडवता आलेला नाही. गाभा थोडा औषधी वाटतो. पार्श्वभूमीत गोदीच्या बाजूला उजळीचा अगदी हलका उतार मी या वेळी राहू दिला, आणि तो ठेवणं योग्य की हा नुसता माझा रुसवा, याबद्दल माझं मत आठवड्याला बदलतं. फोटोखाली आता कोणता वायू कोणत्या रंगात, किती तास आणि काय वजा केलं हे चार ओळींत लिहिलं आहे. चित्राच्या प्रदर्शनात ‘तैलरंग, कॅनव्हास’ लिहितात, त्याहून जास्त काही नाही.

ग्रुपवर टाकल्यावर दहा मिनिटांत पहिला प्रतिसाद आला: ‘ग्रीन कास्ट राहिलाय, एससीएनआर मार.’

काकांना छापून नेऊन दिला आणि कॅमेऱ्याबद्दल जे बोललो होतो ते खरं नव्हतं, हेही सांगितलं. ते हसले. काकूंचं म्हणणं, आधीचा बरा होता, पडद्यांना जुळायचा. काकांनी फ्रेम खाली उतरवून मागचे खिळे पक्कडीने वाकवले, नवा फोटो पुढे घातला आणि जुना त्याच्या मागे पुठ्ठ्यासारखा राहू दिला.